नागरिकशास्त्राचा धडा, हजेरीपटावरचा नंबर आणि मुलांचं राजकारण

शाळा सुरू झाल्या की जुलैच्या आसपास एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. कुठल्यातरी जिल्हा परिषद शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, मोबाइलवर व्होटिंग मशीनचं ॲप टाकून मुलांनी मतदान केलं, बोटाला शाई लावली, मतदान अधिकारी म्हणून सातवीतल्या मुली बसल्या आणि मग मुख्यमंत्री, स्वच्छता मंत्री, सहल मंत्री असा शपथविधी. फोटो भारी असतात. आणि खाली कमेंटमध्ये दोन प्रकारची माणसं हमखास. एक म्हणतात, एवढ्याशा पोरांच्या डोक्यात राजकारण कशाला घालताय, अभ्यास करू द्या की त्यांना. दुसरे म्हणतात, शाळेत राजकारण आधीपासूनच आहे, प्रत्येक सरकार पुस्तकं बदलून मुलांचं ब्रेनवॉशिंगच करतं.

दोघांचं एकमेकांशी पटत नाही पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता धरून चाललीये, ती म्हणजे शाळेत सांगितलेलं मुलाच्या डोक्यात जसंच्या तसं जाऊन बसतं. सातवीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कुणालाही विचारून बघा, तीसचा पाढा बसत नाही तिथे विचारसरणी कुठून बसायची! पण चेष्टा बाजूला ठेवू, कारण या प्रश्नावर साठेक वर्षं रिसर्च चाललाय आणि त्यातलं जे सापडलंय ते या दोन्ही पार्ट्यांना अडचणीचं आहे.

सुरुवात १९६५ ची. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या केंट जेनिंग्ज यांनी देशभरातल्या ९७ हायस्कूलमधल्या शेवटच्या वर्षाच्या जवळपास १७०० मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या, आणि नुसत्या मुलांच्या नाही, त्यांच्या पालकांच्याही घेतल्या. (हीच माणसं पुढे १९७३, १९८२ आणि १९९७ ला पुन्हा गाठली गेली, एवढा चिवटपणा सामाजिक शास्त्रात दुर्मिळ.) त्या डेटावरून जेनिंग्ज आणि केनेथ लँग्टन यांनी १९६८ मध्ये एक पेपर छापला. प्रश्न साधा होता, ज्यांनी नागरिकशास्त्राचा कोर्स केला आणि ज्यांनी नाही केला त्यांच्यात राजकीय ज्ञान, आवड, सरकारवरचा विश्वास, आपल्या मताला काही किंमत आहे असं वाटणं, यात कितपत फरक पडतो? उत्तर आलं, जवळजवळ काहीच नाही. एवढे धडे, एवढ्या परीक्षा, आणि सरासरीत फरक नगण्य.

पण सरासरीच्या पोटात एक वेगळा आकडा लपला होता. कृष्णवर्णीय मुलांमध्ये कोर्सचा परिणाम दिसत होता, आणि चांगला दिसत होता. असं का? लेखकांचं म्हणणं असं की गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या पोराला काँग्रेस (तिथली संसद) म्हणजे काय, गव्हर्नर काय करतो, मत का द्यायचं हे जेवणाच्या टेबलावर, पेपरात, टीव्हीवर आधीच मिळालेलं असायचं. शाळा तेच परत सांगत होती, आणि भरलेल्या माठात अजून पाणी ओतलं तर ते वाहूनच जाणार. ज्या घरांना राजकारणातून पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवलं होतं तिथल्या मुलांसाठी मात्र ती माहिती नवीन होती, म्हणून ती टिकली.

पुढे १९९८ मध्ये रिचर्ड नीमी आणि जेन जन यांनी एका मोठ्या राष्ट्रीय परीक्षेचा डेटा तपासून दाखवलं की फरक अगदीच शून्य नसतो, निदान ज्ञानात तरी थोडा पडतो. पण गाभा टिकला. २०१६ मध्ये आन्या नॉयनडॉर्फ, तेच नीमी आणि काट स्मेट्स यांनी बेल्जियम आणि अमेरिकेचा डेटा घेतला, आणि तिथेही हेच निघालं की ज्या घरात राजकारणावर बोलणंच होत नाही त्या मुलांच्या बाबतीत शाळा ती कमतरता भरून काढते. ज्यांच्या घरी रोज रात्री न्यूज चॅनलवरून भांडणं होतात त्यांना शाळेतून फारसं काही नवीन मिळत नाही. आपल्याकडे 'घरात चालेल पण शाळेत राजकारण नको' म्हणणारे साधारण कुठल्या घरातले असतात ते बघा एकदा.

मग ब्रेनवॉशिंगवाल्यांचं काय? त्यांचा मुद्दा अगदी हवेतला नाही. चीनने २००१ मध्ये शालेय अभ्यासक्रम बदलायला घेतला आणि नवी राज्यशास्त्राची पुस्तकं २००४ ते २०१० या काळात एकेका प्रांतात टप्प्याटप्प्याने आणली. म्हणजे एकाच वयाची दोन मुलं, एका प्रांतात जुनं पुस्तक, शेजारच्या प्रांतात नवीन. अर्थशास्त्रज्ञ दाविदे कांतोनी आणि सहकाऱ्यांनी पेकिंग विद्यापीठातल्या सुमारे २००० विद्यार्थ्यांना विचारून बघितलं. नवीन पुस्तकवाल्यांचा सरकारवर विश्वास जास्त, आपला देश लोकशाहीवादी आहे असं त्यांना जास्त वाटायचं, आणि मुक्त बाजारपेठेबद्दल ते जास्त साशंक होते. थोडक्यात सरकारला जे हवं होतं त्यातलं बरंच झालं. पण पर्यावरण आणि अल्पसंख्याकांबद्दलची मतं पुस्तकाने फारशी हलली नाहीत, सरकारला ती हलवायची असूनही. शिवाय हे निकाल अशा देशातले जिथे पुस्तकाला उलट उत्तर देणारा आवाज चौकात मिळत नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला, पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांच्या ऑफिसची तोडफोड झाली, त्यांनी आणि योगेंद्र यादवांनी त्या पुस्तकांच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. एका चित्रावर एवढं होतं तिथे पुस्तक एकटं काही करू शकत नाही, त्याच्याशी भांडणारे दहा जण लगेच उभे राहतात.

आता माझ्या आवडीचा भाग. वरच्या बहुतेक अभ्यासांची एक कायमची डोकेदुखी असते. समजा वादविवाद मंडळात जाणारी मुलं पुढे जास्त मतदान करतात असं दिसलं. मग मंडळामुळे ती तशी झाली का मुळात तशी होती म्हणून मंडळात गेली? सर्व्हे कितीही मोठा केला तरी हे सुटत नाही. प्रयोगशाळेत उंदीर वाटून घेतात तशी पोरं दोन पिंजऱ्यांत वाटता येत नाहीत. मग शास्त्रज्ञ काय करतात तर नशिबाने आपोआप झालेली वाटणी शोधत फिरतात. चीनमधलं टप्प्याटप्प्याने आलेलं पुस्तक ही तसलीच वाटणी. पण मला सगळ्यात आवडलेली वाटणी दिल्लीत सापडली, आणि ती चक्क हजेरीपटावर होती.

२००७ मध्ये दिल्लीतल्या अनेक महागड्या खासगी शाळांना, ज्यांना सरकारी जमीन स्वस्तात मिळाली होती, गरीब घरातल्या मुलांसाठी २० टक्के जागा ठेवायला लागल्या. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्क्यांच्या आधीची ही गोष्ट. नियम फक्त नव्याने भरती होणाऱ्या वर्गांना लागू, म्हणजे त्याच शाळेत खालच्या इयत्तेत गरीब मुलं आली आणि वरच्या इयत्तेत नाही आली. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने यावर अभ्यास केला, २०१९ मध्ये तो छापून आला. इयत्तांची तुलना तर त्यांनी केलीच, पण त्याहून बारीक गोष्ट अशी की काही शाळांमध्ये वर्गातले अभ्यासगट पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने पाडले जायचे. म्हणजे एखाद्या श्रीमंत अमितच्या आसपास हजेरीपटावर अजय आणि अनिता ही कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं असली तर तो त्यांच्याच गटात वर्षभर बसणार, आणि त्याच वर्गातला विक्रम मात्र सगळ्या आपल्यासारख्याच मुलांत. आता अमितचं नाव 'अ' वरून ठेवलं गेलं याचा त्याच्या स्वभावाशी, वडिलांच्या पगाराशी किंवा घरातल्या पक्षाशी काही संबंध असायचं कारण नाही. (जन्मनक्षत्रावरून अक्षर काढणारे इथे हात वर करतील, त्यांना नमस्कार.) निसर्गाने नाही, हजेरीपटाने पिंजरे वाटून दिले!

मग मोजलं काय? 'गरिबांबद्दल तुला काय वाटतं' असं विचारलं तर सगळी मुलं शहाण्यासारखंच उत्तर देतात, म्हणून रावने रिले रेस लावली. श्रीमंत मुलांनी आधी दोन मुलांना पळताना बघायचं, एक त्यांच्यासारख्या घरातला, एक सरकारी शाळेतला, आणि मग टीममध्ये कोण हवं ते निवडायचं. जिंकलात तर बक्षीस. शिवाय ज्याला निवडाल त्याच्याबरोबर नंतर दोन तास खेळायचं, ही खरी मेख. बक्षीस ५०० रुपये असलं तर जवळजवळ सगळ्यांनी जो वेगाने पळतो त्यालाच घेतलं, भले तो कुठल्याही घरातला असो. बक्षीस ५० रुपयांवर आणलं तेव्हा जवळपास एक तृतीयांश मुलांनी हळू पळणारा पण आपल्यासारखा निवडला, म्हणजे बक्षीस जाऊ दे पण याच्याबरोबर दोन तास नको. आणि ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती त्यांच्यात हे टाळणं स्पष्टपणे कमी होतं.

दुसऱ्या एका खेळात पैसे वाटायचे होते. गरीब मुलांबरोबर शिकलेली मुलं गरिबाला जास्त देत होती हे अपेक्षितच, पण ती दुसऱ्या श्रीमंत मुलालाही जास्त देत होती. म्हणजे हे दयाबुद्धीचं प्रकरण नाही, वाटणी कशी असावी याचंच त्यांचं गणित बदललं होतं. राजकारण म्हणजे तरी काय, कुणाला किती आणि का द्यायचं याचीच तर भांडणं. पालकांना ज्याची भीती होती ते मार्कही मोजले, हिंदी आणि गणितात फरक नाही, इंग्रजीत किंचित घट, आणि हो, वर्गात शिव्या देणं थोडं वाढलं. मारामाऱ्या नाही वाढल्या.

हे नेमकं कशामुळे होतं त्याचा सिद्धांत जुना आहे, १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने मांडलेला. दोन गट नुसते एका छताखाली आणून पूर्वग्रह कमी होत नाही, कधीकधी वाढतोच. चार अटी लागतात, दोघांचा दर्जा सारखा, ध्येय एक, ते मिळवायला एकमेकांची गरज, आणि वरच्या माणसाचा, म्हणजे इथे बाईंचा, स्पष्ट पाठिंबा. एका अभ्यासगटात प्रोजेक्ट करताना या अटी बऱ्याच अंशी पाळल्या जातात. आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत किंवा वेगळ्या बाकावर बसवलं की पहिलीच अट मोडते, मग भिंतीवर संविधानाची उद्देशिका कितीही सुंदर अक्षरात रंगवा.

इथे एक फाटा फोडतो कारण पालकांच्या ग्रुपवर 'मुलांचा मेंदू २५ व्या वर्षापर्यंत कच्चा असतो, त्यांना राजकारण काय कळणार' असला फॉरवर्ड फिरतो. २०१९ चा भारतासह ११ देशांतल्या पाच हजारांहून जास्त जणांचा अभ्यास सांगतो की शांतपणे माहिती तोलून निर्णय घ्यायची क्षमता साधारण सोळाव्या वर्षीच मोठ्यांइतकी झालेली असते, भावनेच्या भरात आवर घालणं मात्र उशिरा जमतं. मतदान हे पहिल्या प्रकारचं काम. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचं वय १६ केलं, तिथे काही आभाळ कोसळलं नाही. आणि गंमत म्हणजे मुलांच्या कच्च्या मेंदूची एवढी काळजी असलेलेच काही पालक मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला हजारो रुपये भरतात, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात म्हणे. नाकाजवळच्या फटीतून वाचतात ती मुलं, पट्टी नीट बांधली की विद्या जाते. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी डीएमआयटी टेस्टही त्याच पंक्तीतली.

असो. तर वर्गात नेमकं काय चाललं की फरक पडतो? १९९९ मध्ये २८ देशांतल्या सुमारे ९०,००० चौदा वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला (भारत त्यात नव्हता). त्यात पुन्हा पुन्हा वर आलेली गोष्ट म्हणजे वर्गातलं मोकळं वातावरण, बाईंच्या मतापेक्षा वेगळं मत मांडायची मुलाला भीती वाटते की नाही. ज्या वर्गात ती कमी तिथल्या मुलांचं राजकीय ज्ञान जास्त, आणि पुढे मतदान करायचा इरादाही जास्त. अर्थात मघाची डोकेदुखी इथेही आहे, चांगल्या शाळेतच वर्ग मोकळा असणार. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सुरू झालेल्या डेमोक्रसी प्रेप या शाळांचा अभ्यास महत्त्वाचा. तिथे प्रवेश लॉटरीने, त्यामुळे लॉटरी लागलेले आणि न लागलेले सरळ तोलता आले. २०१६ च्या निवडणुकीत या शाळांमुळे मतदानात सुमारे १२ टक्के अंकांची वाढ झाली. तिथली पोरं नुसता धडा वाचत नाहीत, रस्त्यावर उभं राहून लोकांना मतदानाला या म्हणून सांगतात, लोकप्रतिनिधींना जाऊन भेटतात.

आपल्याकडे मात्र दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी असे एकापेक्षा एक जिवंत विषय आहेत आणि त्यांचं होतं काय, तर रिकाम्या जागा भरा. शिक्षकांचीही पंचाईत आहे, आपल्याच गावातल्या पाणीयोजनेवर वर्गात चर्चा घेतली तर संध्याकाळी सरपंचांचा फोन येतो. म्हणून मला त्या शालेय मंत्रिमंडळाच्या फोटोंत शाईपेक्षा पुढचं बघायचं असतं, की मुलींच्या टॉयलेटला कडी नाही हे स्वच्छता मंत्री मुख्याध्यापकांना विचारू शकते का, आणि विचारल्यावर कडी बसते का.

एक शेवटचं, कुणी राज्यशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात पीएचडीचा विषय शोधत असेल तर. महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज जास्त आले की सोडत निघते, म्हणजे हार्लेमसारखीच वाटणी आपल्याकडे वर्षानुवर्षं होतेय. २०२४ मध्ये सरकारने सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी रद्द केली, त्यामुळे प्रयोग चालू आहे. २०१२ च्या आसपास पहिलीत गेलेली पोरं आता अठरा पूर्ण करून मतदार यादीत आली आहेत. सोडतीत नंबर लागलेले आणि प्रतीक्षा यादीत राहिलेले, दोघंही. आणि त्यांच्या बाकावर बसलेली, फी भरून शिकलेली मुलंही. याद्या मिळवायला खेटे घालावे लागतील, पण कुणीतरी मोजाच हे.