सेवा फक्त पाळकसाहेबांचीच?

“आम्ही रविवारी येतो, दानार्पण देतो. बाकी पाळकसाहेब बघतील.” चर्चमधली सेवा म्हणजे पाळकांचं, धर्मगुरूंचं काम, हा समज मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण त्याला पवित्र शास्त्राचा, बायबलचा आधार नाही.

त्यातलं इफिसकरांस पत्र, अध्याय 4, वचनं 11 आणि 12 काढून वाचा. पाळक आणि शिक्षक दिलेत ते पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामासाठी तयार करायला. म्हणजे पाळकांनी माणसं घडवायची आणि सेवा सगळ्यांनी करायची. आपण नेमकं उलटं करून ठेवलंय.

“पण मला उपदेश कुठे जमतो?” न जमू दे. बायबलमधली यापो गावची टबीथा उपदेशासाठी नाही, शिवणकामासाठी आठवली जाते. ती गेली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्रापुढे आल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे नि वस्त्रं दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये 9). प्रेषित पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा.

लांब कशाला, आपलं पुणे जिल्ह्यातलं केडगाव घ्या. तिथल्या पंडिता रमाबाई काही दीक्षा घेतलेल्या पाळक नव्हत्या. भाषेचं दान होतं, ते त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराला लावलं आणि 1922 साली मृत्यूच्या आधी ते पुरं केलं. ते बायबल त्यांच्याच मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात छापलं, आणि त्या कामात तिथल्या स्त्रियांचे हात होते. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणं हीसुद्धा सेवाच की!

माईक हातात आला म्हणजेच सेवा, हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. हिशेब येत असेल तर खजिनदाराला महिन्यातून दोन तास द्या. रिक्षा असेल तर एखाद्या आजीला उपासनेला आणा. मुलांना बायबल शिकवणाऱ्या शब्बाथ शाळेला तर शिक्षक कायम कमीच पडतात.