सेरा ल्हासाचा, सेरा बैलकुप्प्याचा

कूर्गहून आलेली मंडळी 'सेरा हा तिबेटी बौद्ध मठ पाहिला' म्हणून सोनेरी मूर्तींचे फोटो दाखवतात. बऱ्याचदा तो सेरा नसतोच. ते असतं नामड्रोलिंग, म्हणजे पर्यटकांचं 'गोल्डन टेंपल'. तेही कर्नाटकातल्या बैलकुप्पे या तिबेटी वसाहतीतच, पण तिबेटी बौद्धांच्या न्यिंगमा पंथाचं, १९६३ साली पेनोर रिनपोचेंनी स्थापन केलेलं. सेरा गेलुग पंथाचा. हा गोंधळ पाटी वाचली की मिटतो. खरा घोळ पुढे आहे, कारण सेरा दोन आहेत.

पहिला तिबेटची राजधानी ल्हासाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. गेलुग पंथाचे संस्थापक त्सोंगखापा यांचे शिष्य जामचेन चोजे यांनी तो १४१९ मध्ये स्थापन केला. मठ म्हटल्यावर एका स्वामींची गादी डोळ्यांपुढे आणू नका. हे विद्यापीठच होतं, १९५९ पूर्वी ५,००० हून अधिक भिक्षूंचं. 'जे' आणि 'मे' ही तत्त्वज्ञानाची महाविद्यालयं, ङाकपा तंत्रविद्येचं. शिवाय ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे राहायची घरं, त्यांना खांगत्सेन म्हणतात.

१९५९ मध्ये चिनी सत्तेविरुद्धच्या तिबेटी उठावात तोफा चालल्या आणि जे निसटले त्यांतल्या अनेकांची रवानगी झाली बंगालमधल्या बक्सा किल्ल्यात. इंग्रजांनी राजबंद्यांसाठी वापरलेली जागा ती. तिथल्या दमट हवेत क्षयाने माणसं गेली, तरी टाळ्या वाजवत प्रश्न टाकण्याचा वादविवाद थांबला नाही. १९७० च्या सुमारास सेराचे भिक्षू म्हैसूर जिल्ह्यात बैलकुप्प्याला आले. त्यांनी जंगल तोडलं, मका पेरला आणि उरलेल्या वेळात ग्रंथ पाठ केले.

म्हणून बैलकुप्प्याच्या सेराला 'शाखा' म्हणणं मला पटत नाही. 'जे' आणि 'मे' तीच, खांगत्सेनची नावं तीच, गेशे या सर्वोच्च विद्वत्तेच्या पदवीपर्यंतचा लांबलचक अभ्यासही तोच. इमारती मात्र सिमेंटच्या. जुन्या भिंती आणि चित्रं ल्हासात राहिली. दुपारचा वादविवाद तिथेही चालतो, भोवती कॅमेऱ्यांचा गराडा असतो. पण भिक्षू किती असावेत हे चिनी सरकार ठरवतं.

आपल्याला गोव्याची आठवण होईल. पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, आणि त्या देवळाला कुणी शाखा म्हणत नाही. फरक इतकाच की तिथे देवच नदीपलीकडे नेला. सेराच्या बाबतीत माणसं आली, देव मागे राहिला. तिथल्या 'जे' महाविद्यालयातल्या हयग्रीव या रक्षक देवतेपुढे ल्हासाचे आईबाप अजून लेकरांना आणतात आणि नाकावर काजळी लावून घेतात, आपल्या तिटेसारखी.