पार्श्वभूमी : कोल्म कूपर आणि ५०० युरोंचे जेवण

एप्रिल २०१७ मध्ये आयर्लंडचा गेलिक फुटबॉलपटू कोल्म कूपरने आपल्या केरी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) संघातून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या खेळाबद्दल दुमत नव्हते. वाद पेटला तो पुढल्या काही महिन्यांत, त्याच्या सन्मानार्थ डब्लिनच्या एका हॉटेलात ठरलेल्या भोजन समारंभावरून.

किलार्नीचा कूपर १९९२ मध्ये, आठ वर्षांचा असताना, आपल्या क्लबचा मॅस्कॉट म्हणून डब्लिनमधल्या क्रोक पार्क या खेळाच्या मुख्य मैदानावर उतरला होता. त्या दिवशी क्लब अखिल आयर्लंड विजेता ठरला. क्लबला पुढचे विजेतेपद २०१७ मध्ये १-९ विरुद्ध १-७ (आधी गोल, मग गुण) असे मिळाले, आणि त्यात क्लबचा एकमेव गोल कूपरचा होता. काउंटीकडून २००४, २००६, २००७ आणि २००९ ची विजेतेपदे त्याने मैदानात मिळवली. २००४ च्या अंतिम सामन्यात उंच चेंडू झेलून, बचावपटूला हुलकावणी देऊन त्याने केलेला गोल आजही दाखवला जातो. २०१४ चे पाचवे विजेतेपद मात्र मैदानाबाहेरून पाहावे लागले, कारण त्याच वर्षी क्लबच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटून वाटीही मोडली होती. वर्षातील सर्वोत्तम पंधरा जणांत तो आठदा निवडला गेला.

समारंभाचा दर माणशी ५००, तर दहा जणांच्या टेबलाला ५,००० युरो होता, आणि उत्पन्नाचा काही भाग धर्मादाय कामांना जाणार होता. त्या भागाचे प्रमाण आधी जाहीर न झाल्याने टीकेला धार आली. १८८४ पासून गेलिक फुटबॉल हा खेळ हौशी असून खेळण्याच्या बदल्यात पैसा वा वस्तू स्वीकारण्यास नियमाने मनाई आहे. हा पायंडा पडला तर प्रत्येक नामवंत खेळाडू आपली किंमत वसूल करील आणि गावोगावच्या क्लबांत विनामोबदला राबणाऱ्यांचा पाया खचेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि कूपर निवृत्त झालेला होता, कारकिर्दीत बँकेतली नोकरी सांभाळून खेळला होता, आणि ८०,००० प्रेक्षकांनी भरलेल्या सामन्यांच्या तिकिटांतला वाटा त्याला कधीच मिळाला नव्हता. शिवाय संघांच्या व्यवस्थापकांना आडवाटेने पैसे दिले जातात हे उघड गुपित वर्षानुवर्षे चालवून घेतले गेले, खेळाडूंना सरकारी अनुदानही २००७ च्या तडजोडीनंतर मिळू लागले, आणि आक्षेप घेणाऱ्यांत मानधन घेऊन या खेळावर लिहिणारे-बोलणारे माजी खेळाडूही होते. एवढे सगळे पचवलेल्या तत्त्वाची कसोटी नेमकी एका जेवणावर लागावी, हे खटकते.

मध्यवर्ती संघटनेने समारंभ रोखला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो पार पडला. कूपर पुढे दूरचित्रवाणीवर सामन्यांचे विश्लेषण करू लागला. त्या कामाचे मानधन घेण्यास नियमाची आडकाठी नाही.