घानाच्या झेंड्यावरचा काळा तारा आला कुठून?

घानाच्या फुटबॉल संघाला ‘ब्लॅक स्टार्स’ म्हणतात ते झेंड्यावरच्या ताऱ्यामुळे. झेंड्यावरचा तारा मात्र एका बुडीत जहाज कंपनीचा वारसा आहे.

जमैकाचे मार्कस गार्वी यांनी 1919 मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅक स्टार लाइन’ काढली. टायटॅनिकवाल्या ‘व्हाइट स्टार लाइन’ला नावातूनच दिलेलं हे उत्तर. सामान्य कृष्णवर्णीयांनी पाच-पाच डॉलरचे शेअर घेऊन भांडवल उभं केलं. पण जहाजं जुनाट, किंमत अव्वाच्या सव्वा, कारभार ढिसाळ. 1922 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. गार्वींना फसवणुकीच्या खटल्यात तुरुंग घडला आणि आफ्रिकेत त्यांचं पाऊल कधी पडलंच नाही. पण अमेरिकेत शिकायला गेलेल्या क्वामे एन्क्रुमा यांच्यावर त्यांच्या लिखाणाचा खोल ठसा उमटला. हेच एन्क्रुमा पुढे घानाचे पहिले पंतप्रधान झाले.

6 मार्च 1957 रोजी ब्रिटिशांची ‘गोल्ड कोस्ट’ वसाहत ‘घाना’ झाली. (नावही उसनंच: प्राचीन घाना साम्राज्य होतं ते बरंच दूर, वायव्येला.) हत्तीचं चिन्ह असलेला निळा वसाहती झेंडा उतरला आणि थिओडोसिया ओको या चित्रकार बाईंनी रेखाटलेला तिरंगा चढला. वर लाल, मधे सोनेरी, खाली हिरवा. सोनेरी म्हणजे खनिजसंपत्ती, हिरवा म्हणजे रानं आणि शेती. असे आडवे पट्टे आणि हेच तीन रंग इथिओपियाच्या झेंड्यातही आहेत. 1896 मध्ये अडवा इथं इटलीला धूळ चारणारा तो देश आफ्रिकेच्या स्वाभिमानाची खूण बनला होता. काळा तारा आफ्रिकेच्या मुक्तीचा ध्रुवतारा.

लाल रंग स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा. हे वाक्य कुठल्याही झेंड्याखाली खपून जातं, पण इथे त्याला तारीख आहे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी राजधानी अक्रामध्ये माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गोल्ड कोस्टचे जवान भारतीय पलटणींसारखेच ब्रिटिशांसाठी लढले होते; घरी परतल्यावर पेन्शन आणि नोकऱ्यांची आश्वासनं हवेत विरली. पोलिसांनी मोर्चा अडवला, गोळीबार झाला आणि सार्जंट अ‍ॅजेटे, कॉर्पोरल अ‍ॅटिपो, शिपाई ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे ठार झाले. शहर पेटलं. एन्क्रुमांसह सहा पुढाऱ्यांना अटक झाली आणि इंग्रजांना राज्यघटनेच्या सुधारणा हाती घ्याव्याच लागल्या.

पुढची गोष्ट एन्क्रुमांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही. 1964 मध्ये देशात एकपक्षीय राजवट आली आणि झेंड्यातला सोनेरी पट्टा पांढरा झाला. लाल-पांढरा-हिरवा हे त्यांच्या पक्षाचे रंग! देश आणि पक्ष एकच मानण्याची खोड कापडावर इतकी उघड क्वचितच दिसते. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केलं आणि सोनेरी पट्टा परतला.

ओकोबाई नंतर घानाच्या हॉकी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, अक्रातल्या हॉकी स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. 2013 मध्ये तिथे दिवंगत राष्ट्राध्यक्षांचं नाव लावण्याचा घाट महापालिकेने घातला. नामांतराचे वाद आपल्याला नवे नाहीत. इथे मात्र इतकी ओरड झाली की जुनंच नाव ठेवावं लागलं. बाई तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या होत्या.