स्वयंपाकघरातील शिक्षण (प्राथमिक वयोगट)

स्वयंपाकघरातील शिक्षण : प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांतील, म्हणजे साधारण ६ ते ९ वर्षांच्या मुलांनी घरी अन्नाच्या आधारे करायचे शैक्षणिक उपक्रम. अन्न निवडणे, मोजणे, चिरणे, मिसळणे, शिजवणे, चाखणे, वाटून घेणे आणि त्याबद्दल बोलणे-लिहिणे या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. मूल यातून स्वयंपाक शिकतेच. पण शाळेत एरवी वेगवेगळ्या तासांना भेटणारे गणित, विज्ञान आणि भाषा हे विषय इथे एकाच ओट्यावर एकत्र येतात, म्हणून शिक्षणतज्ज्ञांनी या कामाकडे पुन्हा पुन्हा लक्ष वेधले आहे. शिकण्याचे साधन म्हणून अन्नाचे एक मोठे बळ आहे : ते स्वतःच उत्तर तपासते. वहीतली बेरीज चुकली तर ती दुसऱ्या कुणीतरी दाखवून द्यावी लागते. मिठाचे माप चुकले तर जीभ लगेच सांगते.

पूर्वपीठिका : अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत स्वयंपाक हा अभ्यासक्रमाच्या मध्यवर्ती कामांपैकी एक होता. सुतारकाम आणि विणकाम ही त्याची भावंडे. तिथली मुले अंडी शिजवायला लागण्यापूर्वी पाणी निरनिराळ्या तापमानांपर्यंत तापवत आणि प्रत्येक वेळी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे काय होते ते पाहत. कृती पाठ करून पदार्थ बनवता येतो, पण तो तसा का बनला हे कळत नाही, हा त्यामागचा विचार. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे, वाढणे, पुसणे, आवरणे अशा रोजच्या कामांना त्यांच्या पद्धतीत ‘व्यावहारिक जीवनाचे व्यायाम’ म्हणून मानाचे स्थान मिळाले. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात झाक प्युइझे यांनी शाळकरी मुलांसाठी ‘चवीचे वर्ग’ घेतले. जपानने २००५ मध्ये अन्नशिक्षणासाठी स्वतंत्र मूलभूत कायदा केला. २०२० मध्ये महामारीमुळे जगभर शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या मोजणीनुसार १५० कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. त्या काळात असंख्य घरांत पाटी-पुस्तकाइतकेच चमचा आणि मोजपेला शिकवण्याच्या कामी आले.

मापे, संख्या आणि अपूर्णांक : या उपक्रमांचा सर्वांत कसदार भाग हाच. पाऊण कप म्हणजे किती, हे फळ्यावरच्या रेघांवरून समजायला मुलांना वेळ लागतो. १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता असे विचारले, तर या वयातली बरीच मुले बिनधास्त १/४ सांगतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. समजूत चुकीची आहे, पण निर्बुद्ध नाही. पूर्णांकांचा जो नियम आजवर उपयोगी पडला तोच मूल इथे वापरते. पाव कपाचे माप ४ वेळा आणि तिसऱ्या हिश्श्याचे माप ३ वेळा ओतून एकच कप भरायला लावला की भाग जितके जास्त तितका प्रत्येक भाग लहान, हे हातालाच कळते. मग नियम सांगायची फारशी गरज उरत नाही.

मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा गाजलेला प्रयोगही घरात सहज करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे दूध घ्यावे आणि मुलासमोरच एकातले दूध उंच, निमुळत्या पेल्यात ओतावे. ५ वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्यातले दूध ‘जास्त’ म्हणते. साधारण ७ व्या वर्षाच्या आसपास ‘काही घातले नाही, काही काढले नाही, मग तेवढेच’ हे उत्तर येऊ लागते. ते अजून येत नसेल तर समजावून थकू नये. मुलालाच उलटसुलट ओतू द्यावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारावे.

भागाकारासाठी वाटणीसारखा दुसरा धडा नाही. १३ बिस्किटे ४ जणांत वाटायची. प्रत्येकी ३ दिल्यावर एक उरते. पुस्तकात ती ‘बाकी १’ म्हणून बाजूला पडते, ताटात मात्र तिचे काय करायचे हा प्रश्न सगळ्यांसमोर राहतो. कुणीतरी तिचे चार तुकडे करते आणि सव्वातीन या संख्येला अर्थ येतो. कृती दुप्पट किंवा निम्मी करणे ही पुढची पायरी. ३ अंड्यांची कृती निम्मी कशी करायची, यावर ८-९ वर्षांची मुले उत्साहाने वाद घालतात. अंडे फेटून अर्धे मोजावे, हा मार्ग बहुतेकदा त्यांच्यापैकीच कुणाला तरी सुचतो.

प्रमाणित मापे का लागतात हेही इथेच उमगते. घरातल्या प्रत्येकाने एकेक मूठ पीठ काढून वजन केले की ‘मूठभर’ हा शब्द किती डळमळीत आहे ते दिसते. लहान चमचा ५ मिलिलिटर आणि मोठा १५, म्हणजे तीन लहान चमच्यांचा एक मोठा. हे मूल पाणी मोजून पडताळू शकते. मोठ्या चमच्याचे माप ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटर धरतात आणि कपाचे माप कुठे २४० तर कुठे २५० मिलिलिटर असते. त्यामुळे मापे हा माणसांनी आपापसांत केलेला करार आहे, हे या वयातही सांगता येते. तोच कप पिठाने एकदा दाबून आणि एकदा हलक्या हाताने भरून तराजूवर ठेवला, तर आकारमान आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

विज्ञानाचे प्रयोग : प्रयोग पुष्कळ आहेत, पण निवड करताना ज्यात अंदाज चुकण्याची खरी शक्यता आहे तो प्रयोग आधी घ्यावा. मक्याच्या लाह्या हे त्याचे उत्तम उदाहरण. फुटणाऱ्या मक्याच्या दाण्यात सुमारे १४ टक्के पाणी असते. दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की आतल्या वाफेचा दाब टणक साल फोडतो आणि मऊ झालेला स्टार्च क्षणात फुलून घट्ट होतो. फोडण्यापूर्वी दाणे कपाने मोजावेत, वजन करावे आणि विचारावे : ‘फुटल्यावर वजन वाढेल, कमी होईल की तेवढेच राहील?’ भांडे भरून वाहणाऱ्या लाह्या पाहून मुले हमखास ‘वाढेल’ म्हणतात. तराजू उलटे दाखवतो, कारण वाफ उडून गेलेली असते. (तेल-मीठ घालायचे ते वजन झाल्यावरच, नाहीतर हिशेब बिघडतो. आणि तापलेले भांडे मोठ्यांनीच हाताळावे.)

जांभळ्या कोबीची पाने गरम पाण्यात भिजवून मिळणारे पाणी आम्ल-अल्कली ओळखते. लिंबाचा रस टाकताच ते गुलाबी होते आणि खायच्या सोड्याने निळे-हिरवे. कोबीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे हे घडते. कापलेले सफरचंद तपकिरी पडते ते फळातले एक विकर (एन्झाइम) हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने काम करते म्हणून. एक फोड लिंबाच्या रसात, एक मिठाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात आणि एक तशीच उघडी ठेवून तासाभराने तुलना केली की ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हे प्रयोगाचे मूळ तत्त्व मुलाच्या हाती लागते. ही उघडी फोड फार मोलाची. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

यीस्टच्या प्रयोगात तीन बाटल्यांत थंड, कोमट आणि चांगले कडकडीत पाणी घेऊन प्रत्येकीत सारखे यीस्ट आणि साखर घालतात व तोंडाला फुगा बांधतात. कोमट पाण्यावरचा फुगा कार्बन डायऑक्साइडने फुगतो, थंड पाण्यावरचा रेंगाळतो आणि कडकडीत पाण्यातले यीस्ट मरून जाते. यीस्ट सजीव आहे हे वाक्य शंभरदा ऐकून जे पटत नाही ते या तिसऱ्या फुग्यामुळे पटते. व्हिनेगरमध्ये अंडे ठेवले तर एक-दोन दिवसांत कवचातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि पातळ पडद्यातले, पाणी शोषून टम्म झालेले अंडे उरते. ते खायचे नसते. बरणीत साय किंवा घट्ट मलई घेऊन हलवत राहिल्यास आधी ती फुगते, मग स्निग्धकण एकमेकांना चिकटून लोणी वेगळे होते. दमलेल्या हातांना हा प्रयोग विशेष लक्षात राहतो.

चव आणि वास : जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू अशी जिभेची चित्रे अजूनही दाखवली जातात. १९०१ मधील एका जर्मन अभ्यासाच्या विपर्यासातून रूढ झालेला तो समज चुकीचा आहे. सर्व मूळ चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात आणि मुले हे लिंबाचा थेंब जिभेवर हलवून स्वतःच तपासू शकतात. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीला पाचवी चव ‘उमामी’, म्हणजे पिकलेले टोमॅटो किंवा अळंबी यांत लागणारी भरदार, रुचकर चव. ती जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ओळखली. डोळे बांधून आणि नाक धरून फळाच्या दोन निरनिराळ्या फोडी चाखल्या की ‘चव’ म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, हे चटकन लक्षात येते.

अपरिचित पदार्थाला नाक मुरडणे हा हट्टीपणा नसून वाढीचा भाग आहे; साधारण २ ते ६ या वयात तो सर्वाधिक असतो. एखादा पदार्थ आवडू लागण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, जबरदस्तीविना चाखावा लागू शकतो. चवीच्या उपक्रमात म्हणूनच ‘आवडले का?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे : कुरकुरीत की लिबलिबीत? वास कशासारखा? आवाज येतो का? मुलाला नकाराऐवजी वर्णन करायला काहीतरी मिळते आणि शब्दसंग्रहही वाढतो. करकरीत, रसरशीत, तुरट, खमंग, मिळमिळीत, दाणेदार हे शब्द नुसते वाचून येत नाहीत.

भाषा : कृती लिहिणे म्हणजे क्रमाने, नेमके आणि दुसऱ्यासाठी लिहिणे. मुलाने लिहिलेली कृती मोठ्या माणसाने शब्दशः पाळावी. ‘लोणी पावाला लावा’ असे लिहिले असेल आणि चमच्याचा उल्लेख नसेल, तर लोण्याचा अख्खा गोळा तसाच पावावर ठेवावा. मूल हसत हसत वही ओढून घेते आणि वाक्य दुरुस्त करते. पुनर्लेखनाचा एरवी कंटाळवाणा वाटणारा सराव असा आपोआप होतो. वेष्टनावरची घटकांची यादी व तारीख वाचणे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या खाण्याबद्दल विचारून लिहून काढणे, हीही याच गटातली कामे.

सुरक्षितता : कामापूर्वी २० सेकंद साबणाने हात धुणे हा पहिला नियम. कच्ची अंडी तसेच कच्चे पीठ यांत रोगजंतू असू शकतात, म्हणून भिजवलेले पीठ चाटू देऊ नये. हे अनेक मोठ्यांनाही ठाऊक नसते. कच्चा राजमा विषारी असतो. त्याचे दाणे मोजायला, वर्गवारीला, मोड आणायला चालतात, तोंडात घालायला नाही. दूध, अंडी, शेंगदाणे, कठीण कवचाची फळे, गहू, सोयाबीन, मासे, तीळ यांची अॅलर्जी कुणाला आहे का, हे बाहेरचे मूल सामील होत असेल तर आधीच विचारावे. अख्खी द्राक्षे, सुकामेव्याचे अख्खे दाणे आणि लाह्या लहान भावंडांच्या घशात अडकू शकतात. सुरी द्यायची तर मऊ फळापासून सुरुवात करावी आणि धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून ठेवायला शिकवावे. बोथट सुरी सुरक्षित, हा समज फसवा आहे. ती घसरते.

मोठ्यांचा वाटा : हे उपक्रम बिघडतात ते बहुधा मोठ्यांच्या घाईने. पीठ सांडले की हातातून भांडे काढून घेतले जाते आणि शिकणे तिथेच थांबते. सांडण्यासाठी खाली ताट ठेवावे, वेळ दुप्पट धरावा आणि एका बैठकीत एकच प्रश्न घ्यावा. प्रत्येक लाडूमागे पाढे म्हणायला लावले तर मूल स्वयंपाकघरातूनही पळ काढील, आणि ते योग्यच करील. आधी अंदाज विचारणे, मग हात मागे ठेवणे, शेवटी ‘असे का झाले असेल?’ एवढे विचारून खरोखर उत्तराची वाट पाहणे, यात मोठ्यांचे बहुतेक काम येते. ६ वर्षांचे मूल धुणे, निवडणे, ओतणे, मळणे हे करू शकते. ९ वर्षांचे मूल देखरेखीखाली साधी कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पाडते. आवरणे, पुसणे आणि भांडी धुणे दोघांच्याही वाट्याला यावे.

मतभेद : धान्य, डाळी किंवा शेवया चिकटवून चित्रे करणे, रंगवलेल्या तांदळात खेळणे असे उपक्रम बालशिक्षणात सर्रास दिसतात. खाण्याजोगे अन्न खेळात वाया घालवणे योग्य नाही, हा त्यावरचा आक्षेप जुना आणि रास्त आहे. ज्या घरात महिन्याचे धान्य मोजून भरावे लागते तिथल्या मुलाला हा खेळ काय सांगतो, हेही पाहावे लागते. यावर काही शिक्षक केवळ साली, बिया, देठ आणि खराब झालेले दाणे वापरतात. मोजणी-वर्गवारीसाठी घेतलेले धान्य कोरड्या, स्वच्छ हातांनी हाताळून ते धुऊन त्याच दिवशी शिजायला टाकणे हा दुसरा मार्ग. मुलाने मोजलेले दाणे संध्याकाळी त्याच्याच ताटात येतात.