व्हीलॅन फिल्टर तक्ता

व्हीलॅन फिल्टर तक्ता : टॅग लावून आलेल्या इथरनेट फ्रेमपैकी कोणत्या व्हीलॅनच्या फ्रेम संगणकाच्या मेमरीपर्यंत जाऊ द्यायच्या आणि कोणत्या कार्डावरच टाकून द्यायच्या, हे ठरवणारी नेटवर्क कार्डातील यादी. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर चालणाऱ्या अनेक वेगळ्या जाळ्यांपैकी एक; फ्रेम म्हणजे त्यावरून जाणारे माहितीचे पाकीट, आणि टॅग म्हणजे ते कोणत्या व्हीलॅनचे हे सांगणारी त्यातली खूण. यादी कार्डात असते. ती भरणे, पुसणे आणि बिघडल्यास पुन्हा भरणे हे ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, काम. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत ‘व्हीलॅन टेबल’ म्हटले की भागते. इंटेलच्या कार्डांवर हात बसलेले लोक ‘व्हीएफटीए’ (व्हीलॅन फिल्टर टेबल अ‍ॅरे) म्हणतात. मराठीत ‘गाळणी’ म्हणावे तर अडचण होते. चहाच्या गाळणीत नको असलेला चोथा राहतो. या तक्त्यात मात्र हवे असलेल्यांची नावे राहतात. ‘प्रवेशयादी’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, पण रूढीला धरून येथे ‘फिल्टर’च ठेवला आहे.

उगम : एकाच तारेवरून अनेक वेगळी जाळी चालवण्यासाठी फ्रेमला खूण लावण्याची कल्पना सामान्यतः बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन-संस्थेतील डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांच्याकडे नेली जाते. काळ १९८० च्या दशकाचा मध्य वा उत्तरार्ध असावा. चेस कॉटन यांच्यासह त्यांनी मोठ्या जाळ्यांतील ब्रिजच्या (जाळी एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणांच्या) रीतींवर लिहिलेला लेख १९८८ चा आहे, म्हणून कल्पना त्याआधीची धरायला हरकत नाही. दुसरा मतप्रवाह श्रेय १९९० च्या दशकातील स्विच बनवणाऱ्या कंपन्यांना देतो, कारण व्हीलॅन प्रत्यक्ष वापरात आले ते त्यांच्यामुळे. सिस्कोची आयएसएल ही पद्धत त्यांतलीच. ती मूळ फ्रेमला पुढे २६ बाइटांचे शीर्ष आणि मागे ४ बाइटांची तपासणी-संख्या जोडून अख्खी फ्रेम गुंडाळते. आयईईई ८०२.१क्यू या १९९८ च्या मानकाने गुंडाळणे टाळले आणि फ्रेमच्या पोटातच, उगम-पत्त्यानंतर, ४ बाइट घुसवले. तारेवर दिसणाऱ्या रूपावरून वंश लावायचा झाला, तर आजचा टॅग आयएसएलपेक्षा सिंकोस्कींच्या खुणेला जवळचा वाटतो.

या ४ बाइटांतील पहिले १६ बिट ही ओळख-खूण, म्हणजे हेक्स (सोळा-आधारी) ८१००. पुढचे ३ बिट अग्रक्रमाचे, १ बिट मूळचा टोकन रिंग या जुन्या जाळे-पद्धतीच्या सोयीचा (आता तो ‘गर्दीत टाकून देण्यास पात्र’ अशा अर्थाने वापरतात), आणि उरलेले १२ बिट व्हीलॅन क्रमांकाचे. १२ बिटांत ४,०९६ क्रमांक मावतात. ० आणि ४०९५ राखीव असल्याने वापरायला ४,०९४ उरतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १,५१८ वरून १,५२२ बाइट झाली.

रचना : प्रत्येक क्रमांकाला एक बिट दिला की तक्ता तयार. इंटेलच्या ८२५४एक्स या नेटवर्क चिपच्या मालिकेत तो ३२ बिटांच्या १२८ रजिस्टरांचा (चिपवरील छोट्या साठवण-खणांचा), म्हणजे एकूण ५१२ बाइटांचा आहे आणि हेक्स ५६०० या पत्त्यापासून सुरू होतो. क्रमांकाचे वरचे ७ बिट रजिस्टर निवडतात, खालचे ५ त्यातला बिट. पुण्याच्या पिनकोडाचे पहिले तीन अंक, ४११, व्हीलॅन क्रमांक म्हणून घेतले तर ४११ भागिले ३२ म्हणजे भागाकार १२ आणि बाकी २७. म्हणून १२ क्रमांकाच्या रजिस्टरातला २७ वा बिट १ करायचा. शोधाशोध नाही, टक्कर नाही.

या मालिकेत तक्ता सर्वांत आधी कोणत्या चिपवर आला, हे वाटते तितके सरळ नाही. लिनक्समधील ई१००० ड्रायव्हर व्हीलॅनच्या सोयी ८२५४३ पासून पुढेच जाहीर करतो. पण त्याच ड्रायव्हरच्या हेडर फाइलीत त्याआधीच्या ८२५४२ साठी तक्त्याचा स्वतंत्र पत्ता, हेक्स ०६००, नोंदवलेला आहे. त्या फाइलीत ८२५४२ ची बरीच नावे नुसती नव्या पत्त्यांना जोडलेली आहेत. हा पत्ता मात्र वेगळा आहे, म्हणून तो निव्वळ नक्कल म्हणून सोडता येत नाही. तक्ता ८२५४२ वर होता, पण भरवशाने वापरण्याजोगा ८२५४३ पासून धरला गेला, असा अर्थ लावणे सयुक्तिक दिसते.

सर्वच कार्डे इतकी सढळ नाहीत. एसटीएममॅक ड्रायव्हर सिनॉप्सिस कंपनीच्या ज्या नेटवर्क घटकांसाठी आहे, त्यांत व्हीलॅनसाठी १६ बिटांचा हॅश-तक्ता आढळतो. क्रमांकावरून काढलेल्या सीआरसी या तपासणी-संख्येवरून १६ पैकी एक खण ठरतो, म्हणजे एका खणात अनेक क्रमांक पडतात आणि न मागितलेल्या फ्रेमही आत येतात. त्या पुढे सॉफ्टवेअरने टाकायच्या.  आभासी यंत्रांच्या व्हर्टिओ कार्डाला रजिस्टर नसतेच. ‘हा क्रमांक घाल’, ‘हा काढ’ असे निरोप नियंत्रण-रांगेतून जातात.

ड्रायव्हरचे काम : लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) ड्रायव्हरला दोनच गोष्टी सांगतो, क्रमांक घाल आणि क्रमांक काढ. एकच क्रमांक दोघांनी मागितला तर मोजणी कर्नल ठेवतो. पहिल्या मागणीला ‘घाल’ आणि शेवटचा मागणारा गेल्यावर ‘काढ’ एवढेच खाली पोचते. २०१३ च्या ३.१० आवृत्तीपासून क्रमांकासोबत टॅगचा प्रकारही येतो, कारण दुहेरी टॅगांतला बाहेरचा टॅग हेक्स ८८ए८ या वेगळ्या खुणेचा असू शकतो. ० क्रमांक व्हीलॅनचा नसून केवळ अग्रक्रमाचा टॅग असल्याचे सुचवतो. कार्ड चालू होताच कर्नल तोही तक्त्यात घालतो आणि लॉगमध्ये ‘अ‍ॅडिंग व्हीलॅन ० टू एचडब्ल्यू फिल्टर’ अशी ओळ उमटते. नवशिके तिला चूक समजून घाबरतात.

बिट १ करणे दोन ओळींचे काम आहे. कठीण आहे ते कर्नलला वाटणारी यादी, ड्रायव्हरने मेमरीत ठेवलेली प्रत आणि कार्डातली खरी स्थिती या तिघांचा मेळ राखणे. कार्ड रीसेट झाले की तक्ता पुसला जातो. कर्नलला याचा पत्ता नसतो, तो पुन्हा काही सांगत नाही. म्हणून ड्रायव्हर चालू क्रमांकांचा ४,०९६ बिटांचा नकाशा स्वतःजवळ ठेवतो आणि रीसेटनंतर त्यावरून तक्ता नव्याने भरतो. कार्डावरचा तक्ता वाचून, बदलून परत लिहिणेही नेहमी सुरक्षित नसते. ८२५४४ चिपसाठी ई१००० विषम क्रमांकाचे रजिस्टर लिहिण्यापूर्वी आधीचे सम रजिस्टर वाचून ठेवतो आणि नंतर ते पुन्हा लिहितो. अर्थात शेजारच्याला धक्का लागण्याची धास्ती आहे. वरच्या उदाहरणात ४४३ हा क्रमांक १३ व्या रजिस्टरात पडतो, तेव्हा ही काळजी घेतली नाही तर ४४३ घालताना ४११ चा बळी जाऊ शकतो. इंटेलच्याच आय३५० चिपसाठी तिचा आयजीबी ड्रायव्हर तीच किंमत लागोपाठ १० वेळा लिहितो. हे वाचून हसू येते, पण हार्डवेअरमधल्या दोषावरचा तो अधिकृत उतारा आहे. आयजीबी तक्त्याची सावली-प्रतही मेमरीत बाळगतो. याखेरीज सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या व्यवस्थापन-फर्मवेअरचा स्वतःचा व्हीलॅन असेल, तर तक्ता पुसताना तेवढा बिट वगळावा लागतो. नाहीतर दूरवरच्या यंत्राशी उरलेला शेवटचा संपर्कही तुटतो.

प्रॉमिस्क्युअस अवस्था : कार्डाला ‘सगळेच दाखव’ असे सांगितले की फिल्टर बंद करणे ओघानेच आले. ई१००० त्यासाठी फिल्टर चालू ठेवणारा बिट उतरवतो. तक्ता तसाच राहतो. यातून एक फसवे लक्षण निर्माण होते. समजा, पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात वसतिगृह, प्रयोगशाळा आणि लेखाविभाग यांचे तीन व्हीलॅन एकाच सर्व्हरवर येतात आणि लेखाविभागाचा बिट रीसेटनंतर भरायचा राहिला. तक्रार येते, तपासणारा टीसीपीडम्प (येणाऱ्या फ्रेम दाखवणारे साधन) लावतो, कार्ड प्रॉमिस्क्युअस होते आणि सारे सुरळीत चालू लागते. टीसीपीडम्प थांबवला की पुन्हा बंद. पाहिले की दुरुस्त होणारी ही बिघाडाची जात बहुधा तक्त्याकडेच बोट दाखवते.

एसआर-आयओव्हीमध्ये, म्हणजे एकच कार्ड अनेक आभासी यंत्रांना वाटून देताना, गुंता वाढतो. इंटेल ८२५९९ वर मूळ तक्त्याच्या जोडीला ६४ नोंदींची दुसरी यादी आहे. प्रत्येक नोंदीत एक क्रमांक आणि तो ६४ पैकी कोणकोणत्या गटांना द्यायचा याचा नकाशा. एका आभासी यंत्राने क्रमांक सोडला म्हणून मूळ बिट पुसता येत नाही, आधी इतर कोणी वापरत नाही ना हे पाहावे लागते. येथे फिल्टर सरसकट बंदही करता येत नाही, कारण फ्रेमची वाटणी त्यावरच चालते. म्हणून प्रॉमिस्क्युअस अवस्थेत या कार्डाचा आयएक्सजीबीई ड्रायव्हर तक्त्याचे सर्व बिट १ करतो.

उपयोग व मर्यादा : तक्ता नसला तरी अनोळखी व्हीलॅनच्या फ्रेम कर्नल वर जाऊ देत नाही. तक्त्याने वाचतात ते प्रोसेसरचे श्रम आणि मेमरीकडची ने-आण. त्याला सुरक्षेची भिंत समजणे चूक आहे. लिनक्सवर ईथटूल या आज्ञेच्या ‘आरएक्स-व्हीलॅन-फिल्टर’ या पर्यायाने तो चालू-बंद करता येतो. काही ड्रायव्हर तो कायम ठरलेला दाखवतात. संशय असल्यास तो तात्पुरता बंद करून पाहतात. फ्रेम येऊ लागल्या तर दोष तक्त्याचा; तरीही नाही आल्या, तर स्विचकडे वळून ‘ट्रंकवर तो व्हीलॅन अलाऊ केलाय का?’ हे विचारायचे; ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी.