नियोक्ता अभिप्राय (परिचर्या शिक्षण)

परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीला लागलेली परिचारिका वॉर्डात कशी निभावते, हे तिला कामावर ठेवणाऱ्या रुग्णालयाला विचारायचे आणि त्यावरून अभ्यासक्रम जोखायचा, अशी ही पद्धत. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्यांतली तिसरी, म्हणजे शिकलेले कामात उतरले का, ती इथे तपासली जाते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनातही विद्यार्थी, शिक्षक व माजी विद्यार्थी यांच्या जोडीने नियोक्त्यांचा अभिप्राय मागितला जातो.

नागपुरात ‘नियोक्ता’ एका साच्याचा नाही. एकीकडे मेडिकल आणि मेयो ही मोठी सरकारी रुग्णालये आणि शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पातले एम्स, दुसरीकडे धंतोली-रामदासपेठेतली लहानमोठी खाजगी रुग्णालये. मेडिकलच्या भरलेल्या वॉर्डात रात्रपाळी काढणारी सिस्टर आणि वीस खाटांच्या नर्सिंग होममधली सिस्टर यांना एकच फॉर्म लावला, तर उत्तरांची तुलना होत नाही.

फॉर्म बहुधा एचआरच्या टेबलावर जातो. ‘संवादकौशल्य: उत्तम’, ‘वक्तशीरपणा: उत्तम’, खाली शिक्का, की फाइल बंद! खरी माहिती असते वॉर्ड इन्चार्ज सिस्टरकडे, कारण पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तो हँडओव्हर तीच ऐकते. तिला गुण मागण्यापेक्षा प्रसंग विचारावा: बीपी घसरत चाललेला रुग्ण नव्या सिस्टरने वेळेत ओळखला का, डॉक्टरांना फोनवर नेमके काय सांगितले? रुजू होऊन सहा महिने ते वर्ष झाल्यावर विचारलेले बरे; त्याआधीची उत्तरे नवखेपणाबद्दलच जास्त बोलतात.

अशा विचारण्यातूनच स्थानिक उणिवा कळतात. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचा रुग्ण वेदनेने तळमळत असताना ‘नाटक करतो’ असे समजून वेदनाशामक लांबवणे, ही चूक पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचून टळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यातला उष्माघातही तसाच: शरीर झपाट्याने थंड करणे हाताला सवय असल्याशिवाय जमत नाही.

उणीव दिसली तरी दोष कॉलेजचाच असे मात्र नव्हे. एका सिस्टरच्या अंगावर तीस रुग्ण असतील, तर चांगली शिकलेलीही नोंदी अर्धवट ठेवते. म्हणून फॉर्ममध्ये त्या वॉर्डातले मनुष्यबळही विचारावे, जे सहसा कोणी विचारत नाही.

अभ्यासक्रमाचा सांगाडा भारतीय परिचर्या परिषद ठरवते, पदवीची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. कॉलेजच्या हाती उरते ते क्लिनिकल पोस्टिंगचे, म्हणजे विद्यार्थिनींच्या वॉर्डातल्या कामाचे, वेळापत्रक आणि स्किल लॅबमधला, म्हणजे कॉलेजातल्या प्रात्यक्षिक कक्षातला, सराव. अभिप्रायानंतर हे दोन्ही पुढच्याच सत्रात बदलता येतात.